हापूसच्या पेटीतला पेंढा: तुर्भ्यातल्या एका बोर्ड कारखान्याचं प्रकरण

मार्चपासून मेअखेरपर्यंत वाशीच्या फळबाजारात कोकणातून हापूसच्या पेट्या येत राहतात. पेटी उघडून माल निवडला की आंब्याखालचा भाताचा पेंढा गाळ्यापुढेच पडतो. त्याच ढिगात कागद, सुतळी, फुटक्या पेट्यांच्या फळ्या आणि डागी आंबेही असतात. पुढच्या गाड्या लागायच्या आत जागा मोकळी करायची असते, म्हणून सगळं एकत्र लोटून कचऱ्याच्या गाडीत चढवलं जातं.

तुर्भ्याच्या एमआयडीसी पट्ट्यातल्या एका लहान कारखानदाराला हा ढीग रोज जाता-येता दिसायचा. त्यांच्याकडे एक हॉट प्रेस आहे, म्हणजे तापवलेल्या पोलादी पाटांत माल दाबणारं यंत्र. लाकडाचा भुसा आणि बारीक चिपा युरिया-फॉर्मल्डिहाइड गोंदात मिसळून ते आठ बाय चार फुटांचे, 12 मिलिमीटर जाडीचे बोर्ड दाबतात. हे बोर्ड न्हावा शेवा बंदरातून जाणाऱ्या यंत्रभागांच्या खोक्यांत लागतात: बाजूच्या भिंतींना, आणि मालाच्या दोन थरांमध्ये घालायला. त्या धंद्याला एक चांगला आधार आहे. निर्यातीच्या पॅकिंगमध्ये सरळ लाकूड वापरलं, तर आयएसपीएम-15 या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे त्याच्यावर कीडनाशक प्रक्रिया करावी लागते. उष्णतेची प्रक्रिया असेल तर लाकडाच्या गाभ्यात 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटं राहिलं पाहिजे, आणि तसा शिक्का लागतो. गोंद, उष्णता आणि दाब वापरून केलेला बोर्ड या नियमातून सुटतो. त्यामुळे गिऱ्हाईक टिकून होतं. अडचण कच्च्या मालाची होती. भुशाला आता दुसरा मोठा गिऱ्हाईक आहे: त्याच्या कांड्या दाबून ‘पांढरा कोळसा’ होतो आणि तो बॉयलरमध्ये जातो. भुसा कधी मिळायचा, कधी नाही, आणि भाव दर खेपेला वेगळा.

मग पेंढा का नको? फुकट आहे, जवळ आहे, आणि क्षेपणभूमीवर जायचं वाचतं. मालकांनी आम्हाला सल्ल्यासाठी बोलावलं तोवर त्यांनी पहिले बोर्ड दाबूनही पाहिले होते. हे टिपण त्या प्रश्नाचं आहे. शेतातल्या आणि बाजारातल्या उरलेल्या मालाचे बोर्ड करू पाहणारे बरेच जण आहेत, आणि जवळजवळ सगळे याच जागी अडखळतात, म्हणून ते सविस्तर लिहितो.

पहिला बोर्ड

पेंढा कडबाकुट्टीत कापला, ताडपत्रीवर उन्हात वाळवला, निम्म्या भुशाच्या जागी घातला. गोंद तोच, प्रेसचा वेळ तोच. बोर्ड निघाला तो दिसायला फार सुरेख होता, सोनेरी, कडा धारदार. प्रेसवरच्या जुन्या कारागिरांनी तो उभा केला, बोटांच्या पेरांनी कडेपासून मध्यापर्यंत वाजवत गेले आणि म्हणाले, “शेठ, मधे बद्द वाजतोय.” चांगला बोर्ड सगळीकडे सारखा, खणखणीत वाजतो. जिथे आवाज बसतो तिथे आतले थर सुटलेले असतात.

करवतीने मधोमध कापल्यावर ते दिसलंच. वरचा आणि खालचा थर घट्ट होता, मधला गाभा मात्र नखानेही उकलत होता. बाहेर आलेल्या पेंढ्याच्या नळ्या हातात घेऊन पाहिल्या तर बाहेरून चकचकीत आणि कोरड्या होत्या. गोंदाचे थेंब भुशावर बसले होते. नळ्यांवर गोंदाचा मागमूस नव्हता.

याची कारणं एकाहून जास्त आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिलं कारण पेंढ्याच्या कातडीत आहे. भाताच्या काडीवर मेणाचा पातळ थर असतो, आणि भात जमिनीतून सिलिका, म्हणजे वाळूतलं कठीण द्रव्य, भरपूर उचलतं. लाकूड जाळलं तर राख साधारण एक टक्क्याच्या आत उरते. भाताच्या पेंढ्याची राख 13 ते 20 टक्क्यांपर्यंत जाते आणि तिचा मोठा भाग सिलिका असतो. युरिया-फॉर्मल्डिहाइड हा पाण्यात विरघळवलेला गोंद आहे. अशा कातडीवर तो अळवावरच्या पाण्यासारखा घरंगळतो. तुसाचीही हीच तऱ्हा, म्हणून कर्जत-पेणच्या भातगिरण्यांतलं तूस आणून घातलं तरी प्रश्न सुटला नसता.

दुसरं कारण कडबाकुट्टी. ती जनावरांच्या चाऱ्यासाठी बनवलेली आहे, काडी आडवी कापते. नळी नळीच राहते, फक्त आखूड होते. काडीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा गोंदाला जास्त धरते, पण ती बंदच राहिली. बोर्डासाठी काडी उभी चिरावी लागते, आणि ते काम हॅमर मिलचं, म्हणजे फिरत्या हातोड्यांनी माल फोडणाऱ्या चक्कीचं आहे.

तिसरं कारण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. हा गोंद आम्लात पिकतो, म्हणजे घट्ट होतो. म्हणूनच त्यात अमोनियम क्लोराइडसारखा हार्डनर घालतात. पेंढ्याचा आम्लाला विरोध लाकडापेक्षा जास्त असतो, तो हार्डनरचं आम्ल खाऊन टाकतो. तेवढ्याच वेळेत भुशाचा बोर्ड पिकतो आणि पेंढ्याचा कच्चा राहतो. मालकांनी आधी हार्डनर वाढवून पाहिला होता. पण मग वरचे थर दाब पुरता बसायच्या आधीच पिकतात आणि कातडी ठिसूळ होते.

पाण्याचा हिशेब

चौथं कारण पाणी. हा हिशेब आम्ही कारखान्यातल्या फळ्यावर सगळ्यांसमोर मांडला, कारण तो कळल्याशिवाय पुढचं कुणालाच पटलं नसतं.

आठ बाय चारचा, 12 मिलिमीटरचा बोर्ड घ्या. घनता घनमीटरला 700 किलो धरली तर वजन 25 किलो. त्यात कोरडा पेंढा-भुसा साधारण 22 किलो, आणि दहा टक्के गोंद म्हणजे घन रूपात 2.2 किलो. पण गोंद पिंपातून येतो तेव्हा त्यात घन भाग 60-65 टक्केच असतो. म्हणजे गोंदाबरोबर 1.3 किलोच्या आसपास पाणी आपण स्वतःच घालतो. चिपांत तीन टक्के ओलावा असेल तर त्यांचं पाणी 0.66 किलो. एकूण जेमतेम दोन किलो. हे प्रेसला झेपतं.

आता उन्हात वाळवलेला पेंढा घ्या. हाताला तो कुरकुरीत लागतो, पण आपल्या खाडीकाठच्या हवेत त्याच्यात दहा-बारा टक्के ओलावा सहज राहतो. बारा टक्के धरले तर चिपांचं पाणी 2.6 किलो, आणि गोंदाचं मिळून चार किलोच्या घरात. एक किलो पाण्याची वाफ झाली तर ती साध्या दाबाला सुमारे 1.7 घनमीटर जागा मागते. सगळं पाणी बाहेर पडत नाही, काही बोर्डात राहतंच. तरीही 12 मिलिमीटरच्या फटीत कोंडलेली वाफ प्रेस उघडताच बाहेर यायला बघते, आणि जिथे गोंद कच्चा आहे तिथून बोर्ड फाडते. कारागिरांना ऐकू आलेला बद्द आवाज तिथला होता.

म्हणजे बोर्ड कमजोर निघाला तो पेंढ्यामुळे, गोंद न पिकल्यामुळे आणि वाफेमुळे, तिन्ही मिळून. मालकांचा पहिला उपाय गोंद वाढवायचा होता. तो आम्ही तिथेच थांबवला. जास्त गोंद म्हणजे जास्त पाणी, जास्त खर्च, आणि फॉर्मल्डिहाइडचा जास्त वास. कच्चा माल फुकट मिळाला म्हणून बोर्ड स्वस्त होत नाही, कारण बोर्डाच्या खर्चात गोंदाचा वाटा मोठा असतो. भरणीचा माल गोंद जास्त पीत असेल तर तो फुकटसुद्धा महाग पडतो. बारीक भुकटीचंही तसंच आहे. जितकी बारीक, तितका तिचा पृष्ठभाग जास्त, तितका गोंद जास्त. म्हणून हॅमर मिलखालची पूड चाळून वेगळी काढणं भाग होतं.

इथे एक गैरसमज दूर करणं गरजेचं वाटतं. ‘शेतीच्या कचऱ्याचा बोर्ड’ असं म्हटलं की पऱ्हाटी, बगॅस (उसाचा चोथा), तूस, पेंढा सगळं एकाच पोत्यात घातलं जातं. माटुंग्याच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करायची पद्धत बसवली, आणि ती चालते, कारण पऱ्हाटी मुळात लाकडासारखी आहे. बगॅसमध्ये धागा चांगला असतो, पण त्याच्या पोटातला भुसभुशीत गर गोंद शोषतो. तो काढावा लागतो, आणि उरलेली साखर धुतली नाही तर माल आंबतो. कांद्याची सालपटं कांदा-बटाटा बाजारात ढिगाने पडतात, आणि मालकांनी तीही सुचवली होती. पण ती कागदासारखी पातळ आणि गुळगुळीत असतात, एकावर एक सरकतात. बोर्डाला ताकद देईल असा धागा त्यांच्यात नाही. शहाळ्यांचं वजन बहुतांशी पाण्याचंच असतं. ती वाळवायला लागणारं इंधन धरलं तर हिशेब तिथेच संपतो. सुक्या नारळाच्या सोडणांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांच्यात लिग्निन, म्हणजे झाडाचे धागे बांधून ठेवणारं नैसर्गिक द्रव्य, इतकं असतं की बारीक दळून, तापवून, दाबून गोंदाशिवाय बोर्ड होतो, हे नेदरलँड्सच्या वाखेनिंगन इथल्या संशोधकांनी दाखवलं आहे. पण त्याला लागणारा दाब आणि तापमान या प्रेसच्या आवाक्याबाहेरचं होतं.

दुसरा गोंद की दुसरा बांधणारा?

पेंढ्याला खरा धरणारा गोंद एमडीआय, म्हणजे आयसोसायनेट. तो पाण्यात विरघळवलेला नसतो, त्यामुळे आपल्याबरोबर पाणी आणत नाही. मेणाच्या कातडीवरही पकड घेतो, त्यात फॉर्मल्डिहाइड नाही, आणि युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या आठ-बारा टक्क्यांऐवजी दोन-चार टक्क्यांत काम भागतं. जगात पेंढ्याचे चांगले बोर्ड याच गोंदावर होतात. तांत्रिक दृष्ट्या हेच उत्तर होतं, आणि तरीही मी त्याच्या विरोधात मत दिलं. एमडीआय प्रेसच्या पोलादी पाटांनाही तितकाच घट्ट चिकटतो, म्हणून प्रत्येक खेपेला सोडवणारा लेप लागतो. ती अडचण निभावली असती. पण त्याची वाफ आणि फवारा छातीत गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही उसळतो. त्या शेडमध्ये हवा खेचायची सोय नव्हती, फक्त दोन्ही बाजूंची शटर उघडी. ती सोय आधी, गोंद नंतर, यावर आम्ही ठाम राहिलो. मालकांनी ते मान्य केलं, याचं मला मनापासून समाधान आहे.

दुसरी वाट प्लास्टिकची. कांद्याच्या जाळीदार गोण्या त्याच बाजारात पडतात, आणि त्या पॉलिप्रोपिलिनच्या किंवा एचडीपीईच्या असतात. एचडीपीई 130 अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिप्रोपिलिन 165च्या आसपास, आणि पेंढा 200 अंशांच्या पुढे करपू लागतो. मधली जागा पुरेशी आहे. गोंदाऐवजी वितळलेलं प्लास्टिकच बांधणार, वास नाही, पाण्याची भीती कमी. कल्पना चांगलीच आहे. पण असा बोर्ड गरम असताना प्रेसमधून काढता येत नाही, दाबाखालीच थंड करावा लागतो. या प्रेसच्या पाटांत गरम तेल फिरतं, थंड करायची व्यवस्था नाही. प्रत्येक बोर्डाला तापवा, थंड करा, पुन्हा तापवा, यात दिवसाचं उत्पादन कोसळलं असतं. शिवाय गोण्यांना माती असते, त्या धुवाव्या लागतात, आणि पेंढ्याच्या अंगावर प्लास्टिक नीट बसायला मॅलिक अॅनहायड्राइड जोडलेलं एक द्रव्य दोन ते पाच टक्के घालावं लागतं. एक्स्ट्रुडर, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यातून ढकलणारं यंत्र, असलेल्या कारखान्याला ही वाट सोयीची आहे. इथे ती बाजूला ठेवली.

उरला जुनाच गोंद. मग पेंढ्याला त्याच्याजोगं करायचं आणि त्याच्याकडून झेपेल तेवढंच मागायचं, असं ठरलं. हॅमर मिलमध्ये काडी उभी फोडणे, पूड चाळणे, ड्रायरमध्ये ओलावा तीन टक्क्यांवर आणणे. पेंढा फक्त गाभ्यात. वरच्या-खालच्या थरांत लाकूडच. पाणी कमी शोषलं जावं म्हणून थोडं मेणाचं इमल्शन. गाभ्यासाठी लाकडाच्या चिपाही बाजारातूनच आल्या, फुटक्या आंबापेट्यांच्या फळ्यांतून. त्यांना खिळे असतात, म्हणून चिपरच्या आधी माणसाची नजर आणि नंतर चुंबक, दोन्ही लागतात. पेंढा एकूण मालाच्या एक तृतीयांशापर्यंत नेला तोवर बोर्ड वाजवून, कापून, पाण्यात बुडवून पाहिल्यावर टिकत होता. निम्म्यावर गेला की गाभा पुन्हा उकलायला लागे. मालक एक तृतीयांशावर थांबले. नमुने आयएस 2380 या चाचणीपद्धतीप्रमाणे प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा आग्रह आम्ही धरला, कारण कारागिराचा कान दोष पकडतो, पण गिऱ्हाइकाला आकडा द्यावा लागतो.

सिलिकाने आपली वसुली केलीच. हॅमर मिलच्या हातोड्या आणि चाळण्या भुशाच्या मानाने फार लवकर झिजू लागल्या. त्या बदलायचा खर्च पेंढ्याच्या खात्यावर लिहायला सांगितलं, देखभालीच्या खात्यावर नाही. नाहीतर ‘फुकट’ माल कायम फुकटच दिसत राहतो.

गाळ्यापाशी

या सगळ्याहून मोठा फरक पडला तो कारखान्याबाहेर. सुरुवातीचा पेंढा कचऱ्याच्या ढिगातून उचललेला होता. आंब्याचा रस लागलेला पेंढा वाळला तरी चिकट राहतो. ती साखर प्रेसमध्ये करपून काळे डाग पडतात, आणि साठवणीत तिच्यावर बुरशी धरते. कारखान्यात आणून निवडायचं म्हटलं तर निम्मा माल परत कचऱ्यातच जायचा, तोही वाहतुकीचे पैसे मोजून.

पेटी उघडते त्या क्षणी पेंढा स्वच्छ असतो. तो घाण होतो झाडूखाली. म्हणून काही गाळ्यांशी आणि तिथे रोज कचरा वेचणाऱ्या बायकांशी बोलून पेंढ्यासाठी वेगळ्या गोण्या ठेवल्या. कोरडा आणि रस न लागलेला पेंढा तेवढा गोणीत, वजनावर पैसे. ओला किंवा डागी असेल तर तो खतासाठी जाणाऱ्या ओल्या कचऱ्यात. दर ठरवताना मालक आधी बिचकले, कारण सगळा हिशेब फुकट मालावर मांडलेला होता. पण निवडीचे पैसे गाळ्यापाशी दिले की ड्रायरमधलं इंधन, करपलेले बोर्ड आणि परतीचा कचरा, तिन्ही खर्च कमी होतात. त्या बायकांपैकी एकीनेच सुचवलं की सुतळी पेंढ्यातून काढून वेगळी बांधावी. सुतळी मिलच्या दांड्याला गुंडाळली जाऊन मिल थांबायची, आणि हे कारखान्यात कुणी आधी बोललं नव्हतं. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची यंत्रणा ती गोणीच आहे. भरणीचा माल कुठल्या दर्जाचा निघणार हे पेटी उघडणाऱ्या हातांपाशी ठरतं. गोंद आणि प्रेस त्यानंतर येतात.

पावसाचा प्रश्न

पेंढ्याचा हंगाम संपतो आणि लगेच पाऊस लागतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांवर राहते. अशा हवेत ठेवलेला पेंढा आपोआप 17-18 टक्के ओलाव्यावर येऊन थांबतो, आणि वीस ओलांडले की बुरशी. शंभर बोर्डांना एक तृतीयांश वाट्याने साधारण 730 किलो पेंढा लागतो. सुटा ठेवला तर ढोबळ मानाने 15 घनमीटर जागा जाते, गठ्ठे दाबून ठेवले तर निम्म्याहून कमी. एमआयडीसीत शेडची जागा स्वस्त नाही, आणि पेंढ्याचा मोठा साठा म्हणजे आगीची जोखीम. ओलसर गंजी आतून स्वतः तापते हे कोकणातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

म्हणून वर्षभर पेंढा वापरायचा विचार सोडून दिला. आंब्याच्या हंगामात पेंढ्याचं मिश्रण, बाकी महिने भुसा आणि पेट्यांच्या चिपा. हंगामात पेंढा घेतल्याने भुशाचा जो साठा वाचतो, तो पावसाळ्यात कामी येतो. कच्चा माल बदलला म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात तशी नोंद करून घ्यायचंही काम होतं. ते कंटाळवाणं आहे, पण ते केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बोर्ड कशासाठी विकायचा यावर शेवटी वाद झाला. मालकांच्या मनात होतं की याच बोर्डाच्या आंबापेट्या करून बाजाराला परत द्याव्यात. कल्पना मनाला भावणारी होती, पण मी ती नाकारली. युरिया-फॉर्मल्डिहाइडचा बोर्ड ओलाव्यात थोडंथोडं फॉर्मल्डिहाइड सोडत राहतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. पिकायला ठेवलेल्या फळाभोवती, बंद खोलीत, हा बोर्ड नको. स्वयंपाकघरातली कपाटंही नकोत. यंत्रभागांच्या खोक्याची भिंत आणि थरांमधला पडदा, एवढंच त्याचं काम. कडेला खिळा ठोकला तर गाभा फुटतो, म्हणून बोर्ड लाकडी चौकटीच्या खाचेत सरकवून बसवतात आणि कापलेल्या कडांना रंगाचा हात देतात.

एक काम अजून चालू आहे. वाहतुकीत तुटलेले बोर्ड गिऱ्हाइकांच्या गोदामात पडून राहतात, आणि कधी कुणी चहाच्या चुलीत घालतो. गोंद असलेला बोर्ड उघड्यावर जाळणं धोक्याचं आहे. ते तुकडे परत आणून चिपरमधून काढले तर गाभ्यात थोड्या प्रमाणात पुन्हा चालतात. बोर्ड पोहोचवायला जाणारा टेम्पो रिकामाच परततो. त्याने हे तुकडे गोळा करून आणावेत, असं दोन गिऱ्हाइकांशी ठरलं आहे. या तुकड्यांत गोंद आधीच पिकलेला असतो, त्यामुळे ते किती टक्के घालायचे याच्या चाचण्या आता सुरू होतील.